तोंडातल्या चुका

नाही, कात्री मिळणार नाही, सुकलालकाका. बाबा सांगून गेलेत, मला माहीत आहे. माझ्यादेखतच म्हणाले ना, मी मार्केटातून हिरवं कापड घेऊन येतो, तोवर सुकलालला चहा दे नि कात्री दे. चहा दिला, पिताय तुम्ही. कात्री शिलाई मशीनच्या खणात आहे आणि खणाची किल्ली ही माझ्या मुठीत. तुम्ही शेठचे ड्रायव्हर, शेठनं सांगितलंय की गाडीच्या छताचं निळं कापड तुझ्या डोळ्यांसमोर फाडून घे, मग तुम्ही तरी काय करणार — असंच म्हणणार ना? म्हणा. पण बाकावर बसून म्हणा, गाडीला हात लावू नका. आणि मघाशी दारात जीप उभी करून हॉर्न वाजवलात तसा पुन्हा वाजवू नका. हातातली बशी पडली माझ्या. दचकते मी, सगळ्या लिंबायत वस्तीला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे.

तुम्ही कधी त्या छताकडे मान वर करून बघितलंय का? नसेल, ड्रायव्हर माणूस समोर बघणार. जुनं कापड कसं लोंबत होतं, शेठची टोपी अडकायची त्यात, उंदराचा वास यायचा — तेही बाबांनी फाडलं नाही, एकेक टाका उसवून उतरवलं, कारण जुन्यावरूनच नवं बेतायचं असतं. छताला आडव्या पाच तारा असतात, त्यांच्यासाठी कापडाला पाच नेफे — हो, परकराला असतो तसलाच नेफा, हसू नका — आणि नेफा बोटभर इकडेतिकडे झाला की अशी सुरकुती पडते, गाडी असेपर्यंत डोक्यावर राहते. नेफे मी शिवले. कॉलेजातून आल्यावर. आणि बाबा आठ दिवस त्या गाडीत उताणे, तोंडात चुका धरून. चुका म्हणजे या बघा, इवल्या खिळ्या, ओठात मूठभर धरायच्या, जिभेनं एकेक पुढं आणायची नि ठोकायची. भाकरीलासुद्धा लोखंडाची चव येते म्हणत होते. आता सांगा, आहे एक सुरकुती? नाही ना? मग?

मग रंग. बरोबर, रंग. सकाळी शेठ वाकून आत बघतात, निळं दिसतं, मग भिंतीवरचा आमचा निळ्या कोटातला फोटो दिसतो, पुन्हा निळं — आणि काय म्हणाले ते? मारी गाडीमां तमारो झंडो? परवा माझी मुलगी नवऱ्याशेजारी तुमच्या झेंड्याखाली बसणार? सगळ्या उधन्यात सांगतो म्हणाले, या भाऊरावच्या हाती कुणी गाडी देऊ नका, मुद्दाम करतात हे लोक. मुद्दाम. बाबांना उत्तरही देता येईना, तोंड चुकांनी भरलेलं. ते गाडीतून सरपटत बाहेर आले, तळहातावर एकेक चूक काढून ठेवली, मी पडद्याआडून बघत होते, आणि सगळ्या काढून झाल्यावर म्हणाले, शेठ, चूक माझी, मला गुजराती नीट कळत नाही. आणि हे कुठल्या भाषेत म्हणाले? गुजरातीत. स्वच्छ गुजरातीत, काका. बावीस वर्षं सुरतेत काढलेला माणूस, अख्ख्या गल्लीची सरकारी पत्रं वाचून दाखवतो, त्याला शेठनं अंगठाछाप म्हटलं आणि यांनी मान हलवली. हो म्हणून.

आणि तुम्ही? तुम्ही शेठच्या मागं उभे होतात, गमछ्यानं काच पुसत. पुसलेलीच काच. एक शब्द नाही निघाला तुमच्या तोंडातून, आणि तुमच्या तोंडात तर चुका नव्हत्या. तुम्हाला माहीत होतं. काय माहीत होतं? — आता कपात काय बघताय, कपात काही नाही.

ठीक आहे, मीच सांगते. गाडी द्यायला आलात तेव्हा शेठ गाडीपाशी उभं राहून म्हणाले, अस्तर लीलुं नाखजो. लीलुं म्हणजे हिरवं. मला येत नाही का? दुसऱ्या वर्षाला आहे मी, गुजरातीतून पेपर लिहिते. पण तेवढ्यात तुम्ही हॉर्न दाबलात, समोर गाय का काय होती, आणि माझ्या डोक्यातला अर्थ उडाला, कानात नुसता आवाज उरला. लीलुं, लीलुं — आणि तोंडातून आलं निळं. बाबांनी विचारलं होतं मला. हिरवं ना गं पोरी? विचारलं होतं. आणि मी तुमच्यादेखत काय म्हणाले? निळं म्हणालेत ते, बाबा, तुम्ही नेहमी भाषेचा घोळ घालता. तुम्ही फिसकन हसलात. बाबाही हसले. म्हणाले, शिकलेली आहे ती, तिला कळतं.

आणि ते तरी एक वेळ चालेल, दचकले, चुकले. पण तिसऱ्या नेफ्याला मला आठवलं. हो. मशीन चालू होतं, पायाखाली, आणि एकदम शेठचा आवाज आठवला, लीलुं. पाय थांबला. बाबा बाहेरून म्हणाले, दोरा तुटला का गं? मी म्हटलं, हो. दोरा तुटला नव्हता. मी परत पाय हलवला आणि चौथा नेफा घातला, मग पाचवा. मला वाटलं, कोण वर बघतं? तुम्ही नाही बघत, शेठही कशाला बघतील. हे मी कुणाला — तुम्हालाही सांगणार नव्हते हे. बाबांना माहीत नाही. की आहे? आज जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, नुसतं म्हणाले, कात्रीला धार कमी आहे, जपून दे.

नाही, रडत नाहीये मी. चहा झाला ना? उठा. कप राहू दे तिथेच. बाबा यायच्या आत मला शेठच्या पेढीवर सोडा. त्या छतावरून हात फिरवायचा असेल तर फिरवा, एकदाच. फाडायचं की नाही ते मी बोलून आल्यावर बघू — फाडायचंच म्हणाले तर मी उसवीन, टाका टाका, फाडू कुणालाच देणार नाही. काय बोलणार? हेच, की भाऊरावला गुजराती येतं, त्याच्या मुलीला येत नाही. तुम्ही साक्ष देऊ नका, तुम्हाला जमायचं नाही, तुम्ही जीपमध्येच बसा.

फक्त मी बोलत असताना हॉर्न वाजवू नका.