लुब्वामा फक्त सोडायला आला होता

...आणि वर म्हणतात काय, तर सेवा सुधारली! सुधारली हो, नाही कोण म्हणतंय? पण त्या सुधारणेपायी लुब्वामाची मोटरसायकल सकाळपासून उन्हात उभी, सीट इतकी तापलेली की वर चपाती भाजून निघावी, आणि हा पठ्ठ्या आत कचेरीत, लाकडी खुर्चीत, दोन माणसांच्या मधोमध, घामानं भिजलेला... आता तुम्ही म्हणाल, त्याचं नगर परिषदेत काम काय होतं? तुम्हाला सांगतो, काडीचं काम नव्हतं. ना कुठला दाखला हवा होता, ना कुणाची तक्रार करायची होती. तो बिचारा फक्त सोडायला आला होता.

लुब्वामा म्हणजे आमच्याच थांब्यावरचा. आमचा दोघांचा धंदा एक, मोटरसायकलवरून माणसं वाहायची. बोडावाले आम्ही. मसाका रस्त्यावर कुणालाही विचारा, लुब्वामा म्हणजे गरीब गाय. त्याला कुणी 'जरा धर रे' म्हणून कोंबडी हातात दिली, तर मालक परत येईपर्यंत तो ती कोंबडी धरून उभा राहील, तिथेच ती अंडं घालेल, आणि हा अंडंही सांभाळेल. आता, सुरुवातीला मी तिथे नव्हतो. पण न पाहिलेली गोष्ट मी पाहिलेल्यापेक्षा नीट सांगतो, म्हणून काळजी करू नका.

तर सोडायला आला होता कुणाला? नालोंगोला. म्हणजे टेकडीवरच्या तेओपिस्ताबाई. जुळी झाली त्यांना, आणि जुळ्यांच्या आईला आमच्यात नावानं हाक मारायची कुणाची छाती आहे? नालोंगोच म्हणायचं. तर त्या टेकडीवर नळ नाही. बायका खाली दरीतल्या झऱ्यावर जातात, पिवळा कॅन भरतात, डोक्यावर घेतात आणि ती उभी चढण चढतात. नालोंगोचा उजवा गुडघा तर असा वाजतो की घरातल्या सुना त्या आवाजावरून चुलीवर चहा ठेवतात... आई वळणापाशी आली म्हणून. यंदा पायथ्यापर्यंत पाइप आले, खोदायचं यंत्र गावात आलं, सगळ्यांना वाटलं आता पाणी आलंच. पण वर नळ कुठे बसवायचा ती जागा पाणीखात्याच्या साहेबानं बघायची आणि सही करायची, ती राहिली. यंत्र शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या गावाला जाणार. मग पाऊस. मग निवडणूक. मग ज्याचा त्याचा देव. आणि ही गोष्ट घडली गुरुवारी.

पूर्वी कचेरीत काय होतं, लाकडी फळ्यांची भिंत होती आणि त्यात एक भोक. तुम्ही भोकातून कागद आत ढकलायचा, आतून एक हात यायचा, कागद ओढायचा, थोड्या वेळानं तसाच बाहेर ढकलायचा आणि आवाज यायचा, "उद्या या." माणूस दिसायचा नाही. नुसता हात आणि 'उद्या या'. नालोंगोनं त्या भोकाशी इतक्या खेपा घातल्या की भोकाखालची फरशी खोलगट झाली. आणि दर वेळी कागद परत घेताना ती मोठ्यांदा म्हणायची, "कुठल्या सासूच्या नशिबी आलंय हे ध्यान? देवा, त्या माउलीला बळ दे." नुसतं म्हणायची नाही बरं का, रविवारी चर्चमध्ये त्या अनोळखी सासूच्या नावानं मेणबत्तीसुद्धा लावायची. मन मोठं हो बाईचं.

मग बदलून आल्या मॅडम आचान. उत्तरेकडच्या, आचोली जमातीच्या, आमच्या रीती त्यांना ठाऊक नाहीत. चांगली बाई, मनापासून चांगली, तिथेच तर घोटाळा झाला. आल्या आल्या त्यांनी ती फळ्यांची भिंत काढली. टेबलं मांडली, खुर्च्या मांडल्या, भिंतीवर हा एवढा फलक लावला: नागरिकाच्या डोळ्यांत बघा. हात मिळवा. जवळ बसवा. विचारपूस करा. ज्याच्याकडे काम आलं त्यानंच पुरं करा, दुसऱ्या टेबलाकडे पाठवू नका.

आता मला सांगा, आमच्या माणसाला 'विचारपूस करा' असं लेखी सांगायचं असतं का? आमची विचारपूस म्हणजे काय पोरखेळ आहे? रात्र कशी गेली? बरी गेली. म्म्. तुमची कशी गेली? म्म्. घरचे कसे आहेत? आहेत. तिकडची काय खबर? इकडे सगळं शांत, तिकडची? म्म्. केळीची बाग? म्म्. करता ते काम, त्याबद्दल आभार. तुमचेही आभार. म्म्... आणि हे प्रत्येक टेबलावर, प्रत्येक माणसाशी, वरून हुकूम म्हणून! मागे जन्मदाखला काढायला आलेल्या बाईचं पोर रांगेतच चालायला लागलं म्हणतात.

तरी नालोंगो खूश होती. लुब्वामाला म्हणाली, "पोरा, आत चल, जरा गुडघ्याला आधार दे." याची मोटरसायकल चालू होती. त्यानं बंद केली. तीच चूक. कारण तो फक्त सोडायला आला होता.

नंबर आला, पाणीखात्याचं टेबल. टेबलामागचा गृहस्थ फलकात लिहिल्याप्रमाणे हसत उठला, हात पुढे केला, डोळ्यांत बघितलं... आणि धाडकन टेबलाखाली गेला. पेन शोधायला. पेन त्याच्या कानावर होतं! आणि इकडे नालोंगोनं गर्रकन पाठ फिरवली, गोमेसीचा, म्हणजे आमच्या बायकांच्या पायघोळ झग्याचा, पदरासारखा लोंबता कमरपट्टा तोंडावर ओढला आणि खांबाआड जाऊन उभी राहिली. हॉलमधल्या सगळ्यांना एका क्षणात कळलं. न कळायला काय झालं? आम्हीपण जावईच आहोत कुणाचे तरी.

कायिझ्झी तो. नालोंगोच्या धाकट्या मुलीचा नवरा. लग्नात तिनं त्याला एकदा लांबून पाहिलेला, तोही मान खाली घालून. सासू-जावयानं एकमेकांना शिवायचं नाही, शेजारी बसायचं नाही, या हातातून त्या हातात काही द्यायचं नाही. चुकून धक्का लागला तरी हातांना जन्माचा कंप सुटतो. थट्टा नाही, माझ्या एका काकांना सासू वळणावर धडकली, आज ते चहात साखर घालतात आणि कप नुसता हातात धरतात, आपोआप ढवळला जातो. लेकीनं आईला सांगितलं होतं की नवरा परिषदेत मोठा साहेब आहे. पण कुठला साहेब, काय करतो, जावयाच्या एवढ्या चौकशा सासूनं करायच्या नसतात.

आता काय करायचं? दुसऱ्या टेबलाकडे पाठवायची सोय नाही, फलक आहे! तेव्हा नालोंगोनं लुब्वामाची बाही धरली आणि त्याला खेचून मधल्या खुर्चीत बसवलं. ती त्याच्या डावीकडे लांब, भिंतीकडे तोंड करून. जावई उजवीकडे लांब, खिडकीकडे तोंड करून. आणि सगळं बोलणं लुब्वामातून.

"त्यांना विचार, रात्र कशी गेली," जावई खिडकीला म्हणाला.

"ते विचारतात रात्र कशी गेली."

"सांग बरी गेली."

"बरी गेली म्हणतात."

"म्म्."

"ते म्म् म्हणाले."

अहो, ते 'म्म्'सुद्धा पोचवायला लागलं त्याला! केळीची बाग पोचवली, घरचे पोचवले, त्या जावयाच्या बायकोची खुशालीसुद्धा तिच्याच आईला लुब्वामानं पोचवली. घसा सुकला. तो बिचारा फक्त सोडायला आला होता.

मग मुद्दा निघाला नळाचा. नालोंगोनं सगळं सांगितलं, फणसाचं झाड, वस्तीच्या मधली जागा, उद्या जाणारं यंत्र. आणि कायिझ्झी... हाडाचा सरकारी माणूस, सवय कुठे जाते... खिडकीकडे बघत म्हणाला, "त्यांना सांग, उद्या या."

नालोंगो ताठ झाली. आवाज! विचारपुशीत ओळखू आला नव्हता, पण 'उद्या या' म्हणताच कळलं, तोच आवाज. सासूनं जावयाचा आवाज आजवर कधी ऐकलेलाच नव्हता ना, आधी कळणार कसा? इतकी वर्षं भोकातून आलेला तो 'उद्या या' तिच्या जावयाचा होता. म्हणजे ज्या दुर्दैवी सासूसाठी ती दर रविवारी मेणबत्ती लावत होती... ती सासू...

तिनं तोंडावरचा कमरपट्टा जरा खाली केला. मग हळूच म्हणाली, "पोरा, त्याला विचार, त्या भोकामागे कोण बसायचं?"

कायिझ्झी कपाळापासून मानेपर्यंत घामानं चमकला. म्हणाला, "सांग, भोकामागे बसणाऱ्याला माहीत नव्हतं की बाहेर कोण आहे. नुसते कागद यायचे." आणि मग अगदी बारीक आवाजात, "आणि 'हे ध्यान' म्हणणारी एक बाई सारखी येते, एवढंच ठाऊक होतं."

तेवढ्यात आल्या मॅडम आचान. त्यांनी बघितलं तर अधिकारी खिडकीकडे, नागरिक भिंतीकडे, मध्ये एक भलताच माणूस. मॅडमचा चेहरा पडला. "कायिझ्झी, हे काय? फलक वाचलात ना?" म्हणून त्यांनी, मनापासून चांगल्या बाई हो त्या, एका हातानं जावयाचा हात धरला, दुसऱ्या हातानं सासूचा, आणि दोन्ही हात जवळ आणायला लागल्या...

सगळा हॉल उभा राहिला. एक म्हातारा तर खुर्चीवर उभा राहिला. टाइप करणाऱ्या मुलीनं डोळे मिटले. आणि लुब्वामा, आयुष्यात कधी कुणाच्या मध्ये न पडलेला लुब्वामा, उठला आणि दोन्ही हात मध्ये घालून एका हातात सासूचा हात पकडला, दुसऱ्यात जावयाचा, आणि दोन्ही जोरजोरात हलवले. "मिळवले," म्हणाला, "हात मिळवले, मॅडम."

टाइप करणाऱ्या मुलीनं मग मॅडमच्या कानात सगळं सांगितलं. मॅडमनी फलकाकडे बघितलं, मग लुब्वामाच्या खुर्चीकडे. म्हणाल्या, "मग ही खुर्ची इथेच राहू दे. चालू द्या. काय ठरलं नळाचं?"

आता नीट ऐका. कायिझ्झीनं 'उद्या या' म्हटलं होतं, पण रीतीप्रमाणे ते अजून सासूला पोचलं कुठे होतं? पोचवणारा लुब्वामा. आणि लुब्वामाला तो गुडघा रोज पाठीमागच्या सीटवर बसलेला ऐकू येतो. चढ आला की मोटरसायकलपेक्षा जास्त वाजतो. म्हणून तो गरीब गाय माणूस भिंतीकडे वळला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "नालोंगो, साहेब म्हणतात, उद्या कशाला? आत्ताच चला, जागा दाखवा."

कायिझ्झीनं तोंड उघडलं. पण बोलणार कुणाशी? सासूशी थेट बोलता येत नाही! आणि लुब्वामाला म्हणावं, 'मी असं म्हणालो नव्हतो', तर मॅडम समोर उभ्या, त्यांचा चेहरा असा उजळलेला, "आत्ताच निघताय? शाब्बास, कायिझ्झी." नोकरीत पहिल्यांदा त्याला कुणी शाब्बास म्हटलं असावं. त्यानं तोंड मिटलं. टोपी घेतली.

आणि भिंतीकडून नालोंगो म्हणाली, "त्याला सांग, मेणबत्त्या वाया गेल्या नाहीत." हे लुब्वामानं पोचवलं नाही. आपल्या मनानं म्हणाला, "त्या आभार मानतात."

आता सासू-जावई एका मोटरसायकलवर बसणार कसे? म्हणून थांब्यावरून दुसरी बोलावली, ती माझी. म्हणजे इथून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे जरा फिकं वाटेल. अर्ध्या चढावर माझं इंजिन मेलं. तिथे ते नेहमीच मरतं. साहेब उतरले, कचेरीच्या बुटांत चढायला लागले, घसरले, एका दगडावर बसले, धापा टाकायला लागले. तेवढ्यात मागून एक म्हातारी आली, डोक्यावर पाण्यानं भरलेला कॅन, आणि त्यांना ओलांडून पुढे जाताना म्हणाली, "करता ते काम, त्याबद्दल आभार, साहेब." आमच्याकडे भेटेल त्याला म्हणतातच तसं. पण कायिझ्झी काही बोलला नाही. 'म्म्'सुद्धा नाही.

वर फणसाच्या झाडाच्या एका बाजूला नालोंगो, दुसऱ्या बाजूला जावई, मध्ये हा एवढा बुंधा. लुब्वामाला वाटलं, चला, मध्यस्थ मिळाला, सुटलो. कायिझ्झीनं पायानं माती उकरली, म्हणाला, "इथे." आणि कागद झाडाच्या खोडावरच टेकवून सही केली. शुक्रवारी सकाळी यंत्र वर आलं. पावसाच्या आधी पाणी आलं, पहिल्यांदा लाल, मग पांढरं, मग पाण्यासारखं. नालोंगोनं पहिला कॅन भरला आणि लुब्वामाच्या मोटरसायकलला बांधला. "जावयाच्या घरी सोड," म्हणाली. "आणि सांग, हे संपलं तर उद्या या."

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? पण मॅडमनी ती मधली खुर्ची ठेवलीच. आणि मग लोकांच्या लक्षात आलं की अख्खी नगर परिषद कुणा ना कुणाची जावई आहे, आणि फळ्यांची भिंत होती तोवर सगळं सुखात चाललं होतं. खुर्चीवर बसवायचं कुणाला? लुब्वामाला! छातीवर बिल्ला लावला त्याच्या. दुपारी त्याला मटोके, म्हणजे उकडलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याचं कालवण मिळतं, कामं भराभर होतात, कारण तो सगळ्यांचे 'उद्या या' वाटेतच खातो, आणि लोक म्हणतात असला कारभार कधी पाहिला नव्हता. खरंच म्हणतात. पण तो मला रोज संध्याकाळी म्हणतो, मी फक्त सोडायला आलो होतो रे.

आता सोमवारचं ऐका आणि मला जाऊ द्या. सोमवारी दारात एक बाई उतरल्या, नंबर घेतला, मधल्या खुर्चीपाशी आल्या... आणि लुब्वामा धाडकन खुर्चीखाली. बिल्ला शोधायला. बिल्ला त्याच्या छातीवर होता! कारण त्या बाई कोण, तर त्याची स्वतःची सासू.

आता त्यांच्या दोघांच्या मध्ये बसायला माणूस नको का? मॅडमनी दारात बघितलं. दारात सासूबाईंना घेऊन आलेला बोडावाला उभा, मोटरसायकल चालूच होती त्याची...

मी. तुम्हाला सांगतो, मी फक्त सोडायला आलो होतो.