सूर सुटेपर्यंत

अहो नाही दादा, आत नाही सोडणार ते – वाजवायच्या आधी पियानोवाल्या साहेबांच्या खोलीत कुणी जायचं नाही – थांबा इथंच, बसा त्या पेटीवर, ड्रमची आहे, मोडत नाही. फुलं कुणी पाठवली? बायकोनं? म्हणजे होणाऱ्या – झालं लग्न? कधी? – बरं. बरं बरं. छान आहेत हो फुलं.

मी? मी क्लॅरिनेट. मागच्या रांगेत, कुणाला दिसतसुद्धा नाही. पण गंमत ऐका, आज तो कॉन्चेर्टो आहे ना – म्हणजे एक पियानो आणि समोर आम्ही सगळे – त्याचे तीन भाग. पहिल्यात नुसती भांडाभांडी, दुसरा एकदम हळू, तिसरा धावतपळत. लोकांना वाटतं, झालं, जलद-हळू-जलद, दिले चिकटवून! असं असतं होय? मग कुणीही लिहील की! खरी करामत कुठं असते सांगू? सांध्यात. पहिला भाग संपतो – सगळे मिळून दणकन् – आणि सगळे थांबतात. एकजण थांबत नाही. कोण? अहो, मी! त्या दणक्यातला एकच सूर माझ्याकडे राहिलेला असतो, बारीक – तो मी अलगद अर्धी पायरी वर नेते, आणि खालून पियानो येतो – काटा येतो अंगावर! कसं सांगू, भांडण झाल्यावर कुणीतरी हळूच पाणी विचारतं ना, तसं. तिसऱ्या भागातली पळापळसुद्धा ह्याच अर्ध्या पायरीतून निघते. सगळा डोलारा माझ्या एका सुरावर! आणि साहेब चारचौघांत काय म्हणाले? 'तिचं काय, एक सूर धरून बसायचं.'

हो, ओळखतो आम्ही एकमेकांना. बऱ्यापैकी. म्हणजे – लग्नाच्या ऑफिसात बाकावर बसले होते मी, नवे कपडे, इकडे आई, तिकडे बाबा. शिपाई नाव पुकारतोय, मी म्हणतेय, येतोय हो, ट्रॅफिक असेल. शिपाई जेवून परत आला, आम्ही तिथंच. बाबा उठून खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले – त्यांचे ते खांदे अजून – जाऊ दे. फोन? आला ना, आठवड्यानं. 'काय बोलावं सुचलंच नाही गं.'

तर आज तो सूर मी सोडणार नाहीये. चुकवणार नाही हं, चुकला तर नोकरी जाईल! नुसता धरून ठेवणार. मी पायरी चढल्याशिवाय त्याला सुरूच करता येत नाही, लिहिलंयच तसं. गालात हवा साठवायची, ती ढकलता ढकलता नाकानं श्वास घ्यायचा – तुटतच नाही सूर. शिकले मुद्दाम, शेजारीण भिंत बडवायची. तालमीत मात्र गुणी बाळ, वेळेवर सोडला. समोर उभे राहून ताल देणारे मास्तर काठी हलवतील? हलवू देत, माझे डोळे मिटलेले. लोक म्हणतील, वा, काय दम आहे पोरीचा! आणि तो? दोन्ही हात वर धरून बसलेला – खाली टेकवता येत नाहीत, मागे घेता येत नाहीत – अख्खा हॉल बघतोय. बाबा पहिल्या रांगेत आहेत. पास मीच दिलाय.

झाली घंटा. नाही नाही, आता नका देऊ फुलं, संपल्यावर द्या. उशीर? होईल ना. चांगलाच होईल. सरका जरा, ही क्लॅरिनेटची पत्ती ओली करायचीय – एकदा तोंडात धरली की मला बोलता येत नाही, आणि आज तर –