पाच हजार मिश्या

हॅलो? ताई? …गाडीत आहेस? मग कडेला घे! …घे गं, सांगते ना… घेतलीस?

तुझी गाडी आमच्याकडे आलीय! …अगं चोरीला नाही गेली! खेळण्यातली! आमचा कारखाना बनवतोय… हो, हो… ती खाचेच्या ट्रॅकवर पळते ना, हातातला खटका दाबला की सुसाट, जास्त दाबला की वळणावर उडते… तीच! पोलिसांची स्पोर्ट्स कार! माझ्या टेबलावर! मीच रंगवतेय!

…तळहाताएवढी. …अगं सगळं आहे! टपावरचा निळा दिवा, दारावरचा सात नंबर… नाही, मागचा पोचा नाही दाखवला. नवी कोरी दिसायला नको का?

अगं ऐक ना. आतला ड्रायव्हरसुद्धा मीच रंगवला. वाटाण्याएवढं डोकं, त्यावर टोपी, खाली मिशी… हो, मिशी. …मला काय विचारतेस? तुमच्याच खात्यानं फोटो पाठवलाय. स्टिअरिंगवर बसलेत, चांगली झुपकेदार…

…कोण? तुझे साहेब?

पण त्यांना गाडी कुठं येते? तूच म्हणालीस, फाटकाला ठोकली… बरं बरं, हळू बोलते. …मग ते का बसलेत? …फोटोपुरते? आणि तू कुठं होतीस? …कॅमेऱ्यामागे. त्यांचा चष्मा धरून. वा! आणि तू धरलास?

‘काय बिघडतं’ काय म्हणतेस! चार वर्षं जीव मुठीत धरून गाडी पळवायची तू, आणि पोरांच्या घरोघरी मिरवणार साहेब? …चिडणारच मी! ताई, हा नमुना आहे. आज चारला मंजूर झाला की सगळ्या गाड्यांत हेच डोकं. पाच हजार गाड्या. पाच हजार मिश्या, ताई!

…पुसता येईल गं, रंग ओला आहे अजून. पण आमच्या सरांना न विचारता कसं… थांब. आलेच ते. ठेवू नकोस! ठेवलास तर माझ्याशी गाठ आहे…

सर, ही मिशी चुकीची आहे. …नाही सर, फोटो बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे. माझ्या बहिणीला मिशी नाही! …हो, तीच चालवते ही गाडी. …मस्करी कशाला करू? विचारा तिलाच. स्पीकरवर टाकते.

ताई, बोल. सर विचारताहेत, गाडी कोण चालवतं.

…‘आमची टीम’ काय? एका स्टिअरिंगवर अख्खी टीम बसते का? …आता ‘साहेबांच्या मार्गदर्शनाखाली’! भाषण नकोय गं कुणाला. ते आम्ही-बिम्ही सोड. ‘मी’ म्हण. …ऐकू नाही आलं. …मोठ्यानं, ताई!

ऐकलंत, सर?

…सर परत फोटो बघताहेत. …आता वाकून गाडीत बघताहेत…

काय सर? …अंबाडा? हो, घालते ना! ताई, सर विचारताहेत, अंबाडा टोपीत मावतो की बाहेर येतो? …बाहेर येतो, सर! चांगला लिंबाएवढा!

…अगं रडतेस काय! …मी कुठं रडतेय? थिनरचा वास आहे तो. सरांनीच बोळा भिजवून हातात दिलाय. ठेव आता, ठेव! वाळायच्या आत मिशी पुसू दे मला.