थोरल्याची जागा

बब्रुवान : पाणी पी आन् गप ऐकून घे, महांतप्पा. अर्ध्या खेळात दोन गोल खाल्ले म्या, आन् दोन्ही मधनंच.

महांतप्पा : मग तुला गोलात कशाला उभा केलाय? हात बांधलेत का?

बब्रुवान : नळदुर्गचा तो उंच फारवर्ड मधनं सरळ चालत येतो, सासरवाडीला आल्यावानी. मागं आपली दोनच पोरं. बंडप्पा उजवीकडं वढला गेला, शांतलिंग डावीकडं. मधी कोण? म्या आन् देव.

महांतप्पा : शांतलिंग, तू कुठं व्हतास तवा?

शांतलिंग : त्यांचा कडंचा माणूस धराय गेलतो, अण्णा.

महांतप्पा : मधला कुणी धरायचा?

शांतलिंग : चुकलं, अण्णा.

बब्रुवान : त्याचं काय चुकलं? दोघांनी तिघं कसं धरायचं? ऐक माझं. पुढं पाच जण उभं करतो आपण, तिथं चार करू. तू आन् श्रीमंत मागं या. बंडप्पा हायच. मागं तिघं झालं. आन् शांतलिंग जाऊ दे पुढं.

महांतप्पा : म्या मागं? आन् धाकटा भाऊ माझ्या पुढं? सारं उमरगं बघतंय, बब्रू.

बब्रुवान : उमरगं दोन गोल बी बघतंय.

महांतप्पा : आपली रीत हाय ती.

बब्रुवान : कुणाची रीत? सोलापूरहून पहिला चेंडू आणला तवा उभं कसं राहायचं कुणाला ठावं व्हतं? पालखीपुढं राहतो तसं राहिलो. वयानं थोरले पुढं, धाकटे मागं. तवा तुला नुकती मिसरूड फुटली व्हती, चाललं. आता थोरले पुढं धापा टाकतात, आन् ज्यांच्या पायात जोर हाय ती पोरं मागं माझ्यासंगं गप्पा मारतात.

महांतप्पा : श्रीमंत कबूल व्हईल का मागं याला?

बब्रुवान : तो बघ, आडवा पडलाय. पिंढरीत गोळा आलाय. मागं ये म्हणलं तर माझं पाय धरील.

महांतप्पा : मागं काय करू म्या? दगडावानी उभा राहू?

बब्रुवान : तुला पळता येत न्हाय, पण चेंडू कुठं पडणार ते तुला सगळ्यांच्या आधी कळतं. डोक्यानं असा मारतोस की माझ्याच कपाळात कळ येती. आन् आवाज हाय. पोरं तुझं ऐकतात. हे सगळं मागं कामाचं हाय. पुढं राहून तू नुसता त्या नळदुर्गकरांच्या अंगाखाली सापडतोस.

महांतप्पा : शांतलिंग, तम्मा, तू जा. बंडप्पाच्या अंगठ्याला चिंधी बांधून दे.

शांतलिंग : व्हय, अण्णा.

बब्रुवान : गेला. आता खरं बोल. त्या लिंबाखाली खुर्चीवर कोण बसलंय?

महांतप्पा : असंल कुणीतरी.

बब्रुवान : माझ्यापुढं नाटक नको. हैदराबादचे साहेब हायत. तिथल्या टीमला पोरं बघाय आलेत. ज्याला नेतील त्याला नोकरी, राहायला खोली. सकाळी तुझ्या दुकानावर आले न्हवते?

महांतप्पा : आले व्हते. तुमच्यात पळणारा कोण, म्हणाले.

बब्रुवान : काय सांगितलंस?

महांतप्पा : श्रीमंतचं नाव सांगितलं.

बब्रुवान : श्रीमंतचं! तो घरचा जिना बी मधी बसून चढतो, महांतप्पा!

महांतप्पा : हसू नको. पटकीत आई गेली, मागनं बाप गेला, तवा शांतलिंग रांगत व्हता. त्याला काखेत घेऊन दुकान उघडलंय म्या. जगदेवीच्या आन् माझ्या पोटी लेकरू न्हाय, तुला ठावं हाय. जगदेवी अजून त्याचं ताट माझ्या आधी वाढती. तो गेला तर घरात काय राहिलं?

बब्रुवान : म्हणून मागं दडवलास.

महांतप्पा : तोंड सांभाळ.

बब्रुवान : सांभाळतो. आणखी एक सांगतो, ते बी सांभाळूनच. आहे तसंच खेळू. आपण हारू, साहेब खुर्ची सोडून जातील, पोरगं हितंच राहील. तुला हवं तेच व्हईल. म्या आणखी दोन खातो. खाऊ का? तू सांग, तुझ्यासाठी म्या खातो.

महांतप्पा : बब्रू…

बब्रुवान : सांग की. रेफरी बोलवतोय.

शांतलिंग : अण्णा, चिंधी बांधली. चला, नळदुर्गकर उभे राहिलेत. म्या माझ्या जागी जाऊ न्हवं?

बब्रुवान : विचारतोय तो.

शांतलिंग : अण्णा?

महांतप्पा : माझ्या जागी जा.

शांतलिंग : तुमच्या? आन् तुमी?

महांतप्पा : म्या मागं हाय. श्रीमंतला बी मागं धाड.

शांतलिंग : तुमच्या म्होरं कसं उभं राहू, अण्णा? लोक काय म्हणतील?

महांतप्पा : उभं कुणी राहायला सांगितलंय? पळ.

(शिट्टी वाजते. खेळ पुन्हा सुरू होतो. महांतप्पा गोलासमोर, बब्रुवानला बोललेलं ऐकू जाईल इतक्या अंतरावर उभा आहे.)

बब्रुवान : आला! उंच्या आला!

महांतप्पा : दिसला. बंडप्पा, कडंचा तुझा! श्रीमंत, तिथंच थांब, मरू नको! मधला माझा!

बब्रुवान : उडी मार! … शाब्बास रे वाघा! डोकं हाय का उखळ?

महांतप्पा : पळावंच लागलं न्हाय. तो माझ्याकडंच आला.

बब्रुवान : आता पुढं बघ, माझ्याकडं नको. परत येतील.

महांतप्पा : चेंडू कुणाला गेला?

बब्रुवान : कुणाला जाणार?

महांतप्पा : अरं… एक चुकवला. आडवा आला त्याला बी चुकवला. बब्रू, हा असा पळतो?

बब्रुवान : असाच पळतो.

महांतप्पा : कवापासनं?

बब्रुवान : तुझी पाठ असायची त्याच्याकडं. तुला कुठनं दिसणार?

महांतप्पा : डाव्या पायानं मारतोय! डावा पाय याला कुणी शिकवला?

बब्रुवान : गोल! अरं गोल! एक फिटला!

महांतप्पा : नाचू नको, जागेवर जा. पोरगं थांबलंय का? काय झालं त्याला? लागलं का?

बब्रुवान : लागलं न्हाय. तुझ्याकडं बघतंय. तुझ्या पुढं गेलं म्हणून माफी मागतंय जणू.

महांतप्पा : तम्मा! मागं बघू नको! खेळ!

बब्रुवान : आले, परत आले. चिडलेत आता.

महांतप्पा : श्रीमंत, डावीकडं सरक! आणखी! बंडप्पा, सोडू नको त्याला! … माझा! सोड, माझा!

बब्रुवान : रक्त येतंय तुझ्या भुवईतनं.

महांतप्पा : येऊ दे. चेंडू कुठं हाय?

बब्रुवान : तुझ्या भावाच्या पायात.

महांतप्पा : … कडंनं जातोय. आत वळ. आत वळ, तम्मा. वळला. बब्रू, त्यांचा गोलकीपर बाहेर आला. आता मारू नको, थांब… थांब…

बब्रुवान : त्याला ऐकू येत न्हाय हितनं.

महांतप्पा : थांबला! त्याला पडू दिला आन् मारला!

बब्रुवान : बरोबरी! महांतप्पा, बरोबरी झाली!

महांतप्पा : व्हय. झाली.

बब्रुवान : लिंबाखाली बघ. साहेब उठून उभे राहिलेत. शेजारच्याला पोराचं नाव विचारतायत वाटतं.

महांतप्पा : दिसतंय मला.

बब्रुवान : अजून येळ हाय बघ. एक हाक मारलीस तर पोरगं मागं येईल. का म्हणून विचारणार बी न्हाय.

महांतप्पा : ठावं हाय.

बब्रुवान : मग?

महांतप्पा : तू तूर घेऊन हैदराबादला गेलतास न्हवं?

बब्रुवान : गेलतो. त्याचं आता काय?

महांतप्पा : तिथं थंडीच्या दिवसांत घोंगडं पुरतं, का रजई लागती?