तीन रविवार आणि दोन कंपायलर

कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर; त्यावरूनही माणसं हमरीतुमरीवर येतात, हे मला माझ्याच घरात कळलं. माझी बायको पॉलिटेक्निकात शिकवायची. जठारपेठेतल्या मेश्रामताईंच्या लॅबसाठी रिपोर्ट छापायचा प्रोग्राम तिनं लिहून दिला होता. ती गेल्यावर वर्षभरानं लॅबमध्ये नवा कॉम्प्युटर आला आणि त्यावर तो चालेना. तो नव्यानं कंपाइल करायला तिचे दोन जुने विद्यार्थी घरी आले. एक अमरावतीचा, एक इथला, अकोल्याचा. दोघंही आता मोठे इंजिनिअर.

“मॅडमच्या कामाले फुकटचा कंपायलर लावतं का बे?” अमरावतीकर म्हणाला.

“अन् तुया कंपनीचा कंपायलर पाय ना, दोन ओळींची फाइल केवढी फुगवते!” अकोल्याचा म्हणाला.

तीन रविवार हेच. नमुन्याचे चिमुकले प्रोग्राम पळवून सेकंद मोजायचे, माझा चहा प्यायचा आणि पुढचा रविवार ठरवायचा. तिकडे मेश्रामताई रक्ताचे रिपोर्ट हातानं लिहीत होत्या. तिसऱ्या रविवारी त्या स्वतःच आल्या.

“भाऊजी, काल एकाचा रिपोर्ट दुसऱ्याले देत होती मी! मॅडमनं लिवलेला कोड उघडून तरी पायला का यायनं?”

कोडचा पेनड्राइव्ह माझ्या कपाटात होता. त्या दोघांनी मागितला नव्हता, आणि मीही काढला नव्हता.

काढला. फाइलच्या पहिल्याच ओळीत तिनं लिहून ठेवलं होतं: “दोन्ही कंपायलरवर चालतो. मी तपासलं आहे. वाद घालू नये.”