कॉलरमधली माती

सहा मिनिटं

कल्पिता : ते सगळं नंतर. आधी सांगा, माझ्या जॅकेटच्या कॉलरमध्ये काय शिवलंय?

राघो : कुठली कॉलर?

कल्पिता : बाबा, कात्री घेऊन बसलेय मी. जहाजावरचा फोन आहे, सहाच मिनिटं मिळतात.

राघो : माती हाय. आपल्या मिठागरची. तिथं टॉवरचं काम चालू व्हायच्या आधी डब्यात भरून ठेवलेली.

कल्पिता : आणि शिवली कोणी?

राघो : तुझ्या आयशीनं.

आवडाबाई : माझं नाव कशाला? मना सांगितलं, मी शिवली.

कल्पिता : टाके बघूनच कळलं, आई. उद्या सकाळी बेटावर उतरायचंय. त्याआधी सगळ्यांचे बूट, खिसे, शिवणी ब्रशने साफ करून तपासायच्या. ते काम माझ्याकडे आहे. दिवसभर लोकांच्या मोज्यांतून गवताचं बी वेचत होते, आणि माझ्याच कॉलरमध्ये चिमूटभर आपलं कोलशेत गाव.

राघो : चिमूटभर मातीनं काय होतं?

कल्पिता : त्या बेटावर गोड्या पाण्याची अकरा तळी आहेत. बाकी हजारो मैल समुद्र. तळ्यांतलं शेवाळ कधीतरी वाऱ्यावर, पक्ष्यांच्या पायाला चिकटून आलं आणि तिथं एकटंच वाढलं. त्यातलं काही जगात दुसरीकडे कुठेच नाही. तेच बघायला आलेय ना मी? आपल्या मातीत पण सुकलेलं शेवाळ असतं. ओलं झालं की जागं होतं.

राघो : ता मना नको शिकवू. आगरात पानी घेतलं की दोन दिसांत जमीन हिरवी. तुडवून तुडवून पाय फाटलेत माझे. पन आपलं खाऱ्यातलं. गोड्यात नाय जगायचं.

कल्पिता : काही जगतं. कुठलं, ते मलाही सांगता येणार नाही.

राघो : म्हंजे आपल्या तलावातल्या जलपर्णीसारखं. कुनीतरी शोभेला एक रोप टाकलं, मग पानीच दिसंना.

कल्पिता : तसंच.

राघो : म्हंजे टाकनारा मी.

आवडाबाई : आनि शिवनारी मी.

तीन मिनिटं

कल्पिता : पण असं का केलंत?

राघो : घरातलं कुनी लांब निघालं की आगरची माती द्यायची. ती मानसाला परत आनते. मारुती बोटीवर गेला तवा घाईत राह्यली.

कल्पिता : काकाची बोट बुडाली, बाबा.

राघो : बोट बुडाली. माती दिली नाय. दोन्ही खरं हाय.

कल्पिता : ...मला ती जाळावी लागेल. जहाजावर भट्टी आहे. आणि आमच्या मोहिमेच्या प्रमुख मॅडमना सांगावं लागेल.

राघो : मग उतरू देतील?

कल्पिता : बाकी सगळं स्वच्छ असेल तर. तीन वर्षं थांबलेय यासाठी. माझ्याकडे काही नाही, अशी सही करायची असते. म्हणून विचारते, आणखी कुठे काही ठेवलंय?



राघो : नाय.

कल्पिता : नक्की?

आवडाबाई : अवो.

राघो : तू गप.

आवडाबाई : पोर सही करतेय तिकडं.

एक मिनिट

राघो : डाव्या बुटात. आतल्या गादीखाली.

कल्पिता : बाबा! बूट दोनदा तपासलेत मी.

राघो : गोंद लावलाय. कॉलरमधली तुला सापडनार, म्हायत होतं. म्हनून दोन ठिकानी.

कल्पिता : तुम्ही बोलला नसतात तर मी तशीच तळ्यात उतरले असते.

राघो : म्हनून बोललो. दोन्ही जाळून टाक.

कल्पिता : तुम्हाला चालेल?

राघो : तिथनं निघताना पन असंच झाडून घेतात?

कल्पिता : हो. बूट, मोजे, नखं सगळं. सीलबंद सॅम्पल सोडून तिथलं काहीच आणायचं नाही.

राघो : मग नको आनू काय. रिकामीच ये, पन परत ये.