बाकडेभाऊंचा निरोप आणि बाजारातलं कुलूप

आधी एक तक्रार करते, मग नमस्कार करते. आत्ता या सूत्रसंचालकाने मला बोलावताना काय म्हटलं, ऐकलंत ना? "आपल्या वॉर्डातील ज्येष्ठ मातृशक्ती!" अरे बाबा, मी भाजीबाजारात कांदे-बटाटे विकते. विकत होते. आता सून विकते आणि मी शेजारी बसून तिच्या चुका काढते. सगळा वॉर्ड मला कांदेआजी म्हणतो. तेवढं म्हणायला तुझी जीभ झिजली असती का? मातृशक्ती म्हटल्यावर मला वाटलं, दुसरंच कोणीतरी भाषण करणार, म्हणून मी निवांत बसून राहिले. शेवटी मासेवालीने कोपर मारलं. अजून ठणकतंय.

आणि हा माईक खाली घ्या. मी उंटावर बसून बोलणार नाहीये.

हं. आता रीतसर. आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पेठेतले कापडवाले शेठ; प्रमुख पाहुणे, पालिकेचे मोठे इंजिनिअर साहेब, जे उशिरा आले पण आले; ज्यांना आज आपण निरोप देतोय ते आपले मावळते नगरसेवक भाऊ; त्यांच्या शेजारी आपल्या नव्या नगरसेविका, म्हणजे भाऊंच्याच सूनबाई; त्यांच्या मागे खुर्ची ओढून बसलेले त्यांचे यजमान, ज्यांचं पत्रिकेत नाव नाही पण व्यासपीठावर खुर्ची आहे; समोर बसलेल्या माझ्या बाजारातल्या बायांनो, बाप्यांनो, आणि नुसत्या चहा-बिस्किटासाठी आलेल्या मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार. कोणाचं नाव राहिलं असेल तर त्याने स्वतःला यात धरून घ्यावं.

माझी शाळा दुसरीत सुटली, पण निरोपाला चांगलं बोलायचं असतं एवढं मला कळतं. आणि भाऊंबद्दल चांगलं बोलायला मला काही खोटं जोडावं लागत नाही.

आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं होतं तेव्हाचंच घ्या. पाणी उंबऱ्याला लागलेलं. आम्ही पालिकेत फोन करतोय, तिकडून उत्तर येतंय, "गाडी निघाली आहे." सकाळी निघालेली गाडी दुपारपर्यंत निघतच होती. भाऊ कुठल्याशा लग्नाला चालले होते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, अत्तर लावलेलं. त्यांनी पाहिलं. चहाच्या टपरीवरची खुर्ची उचलली आणि मोठ्या रस्त्याच्या मधोमध मांडून तीवर बसले. पायावर पाय टाकून! दोन्हीकडून वाहनं तुंबली. बसचा ड्रायव्हर खाली उतरला. "ओ भाऊ, जरा बाजूला व्हा की!" भाऊ म्हणाले, "होतो ना. गाडी निघालीये म्हणतात. ती आली की तू जा."

अर्ध्या तासात गाडी आली. दोन आल्या!

असा माणूस आहे हा. टाळ्या वाजवा, इथे वाजवायच्या असतात.

पण गटार मोकळं झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या जागी काय आलं? बाकडं. सिमेंटचं, पाठीवर लाल अक्षरांत भाऊंचं नाव, खाली "यांच्या प्रयत्नांतून". म्हणून तर गाव त्यांना बाकडेभाऊ म्हणतं. भाऊ, मान खाली घालू नका, प्रेमाने म्हणतं. रस्त्यावर दिवा मागितला, दिवा आला आणि दिव्याखाली बाकडं आलं. शाळेपुढे गतिरोधक मागितला, तर आधी बाकडं आलं, गतिरोधक मागाहून. माझे मालक वारले तेव्हा भाऊ रडत आले आणि त्यांच्या स्मरणार्थ बाकडं देऊन गेले. वर भाऊंचं नाव हाताएवढं, खाली मालकांचं मुंगीएवढं. मी राहू दिलं. मालक जिवंतपणीही मोठ्याने कधी बोलले नव्हते, म्हटलं मेल्यावर कशाला त्यांचं नाव ओरडायला लावू.

भाऊंचा यात दोष नाही. आपल्या वॉर्डाची पद्धतच ती. पाटी लावल्याशिवाय इथे काही उघडत नाही. पाण्याच्या टाकीला पाटी, टाकीच्या जिन्याला वेगळी पाटी. कोणीतरी फीत कापायची, कोणीतरी फोटो काढायचा, मगच नळाने पाणी सोडायचं. आणि या पद्धतीपायीच आमच्या बाजारातल्या बायकांचं घोडं अडलंय. तेवढंच सांगायला मी आले आहे. चहा मी घरी पिऊन आले.

बाजारात आम्ही बायका पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बसतो. बाप्यांचं बरं आहे, त्यांना भिंत आहे. भिंतीवर "येथे करू नये" असं लिहिलंय, ते वाचता वाचता करतात. आम्ही कुठे जायचं? शेठजींच्या घरच्या वहिनी भल्या आहेत, त्या दुकानावरच्या मजल्यावर जाऊ देतात. पण एवढ्या सगळ्या बाजाराने रोज त्यांच्या घरात किती वेळा जायचं? त्यांच्या सासूबाई तर आम्हाला जिन्यात पाहिलं की जपाची माळ जोरात ओढतात.

मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, बायकांसाठी संडास बांधा."

भाऊ म्हणाले, "झालंच म्हणून समजा आजी."

महिन्याने आलं बाकडं.

मी पुन्हा गेले. "भाऊ, संडास म्हटलं होतं."

"मंजुरीला टाकलाय. तोवर जरा टेकायला होईल तुम्हाला."

तेव्हा मग आम्ही बायकांनी एक केलं. भाऊंची मागची निवडणूक तोंडावर होती. आम्ही बटाट्यांची रिकामी पोती धुतली आणि वाळत घातली. कुठे? बाजारातल्या यच्चयावत बाकड्यांच्या पाठींवर. एकाही बाकड्यावर भाऊंचं नाव दिसेना. संध्याकाळी भाऊ धावत आले.

"आजी, पोती काढा की!"

"ओली आहेत."

"कधी वाळतील?"

"संडासाचा पाया खणला की."

खणला! खोटं कशाला बोलू. खणला, भिंती चढल्या, पांढऱ्या फरशा लागल्या, दारं लागली. माझ्या घरात नसतील अशा फरशा. त्याबद्दल भाऊंचे मनापासून आभार. साहेबांचेही.

आणि मग बैठक बसली. पाटीवर नाव कोणाचं?

मी त्या बैठकीला होते, दाराशी. शेठजी म्हणाले, "भाऊंनी बांधलं, भाऊंचंच नाव." भाऊ एकदम खुर्चीतून अर्धे उठले. "छे छे, माझं कशाला! सगळीकडे माझंच काय! शेठ, तुमच्या वडिलांच्या स्मरणार्थ करू या." शेठजी म्हणाले, "माझ्या वडिलांनी तुमचं काय वाईट केलं होतं?" हसू नका, शेठजींना खरंच लागलं होतं. मग मागून कोणीतरी म्हणालं, एखाद्या थोर पुरुषाचं नाव द्या. त्यावर सगळी खोली मागे वळून त्याच्याकडे बघायला लागली. ज्याने म्हटलं तो हळूच चपला घालून निघून गेला.

तेवढ्यात भाऊंचा चेहरा उजळला. म्हणाले, "विरोधकांचं नाव देऊ! मी मोठ्या मनाने देतो!" लगेच निरोप गेला. विरोधकांचा उलटा निरोप आला की मोठ्या मनाने आम्हीही देतो, पाटीवर भाऊंचा फोटोसुद्धा आम्हीच छापून देऊ.

मी दारातून म्हटलं, "अहो, नाव हवंय कशाला? दारावर 'बायका' एवढंच लिहा. तेवढं मलाही वाचता येतं."

साहेब, तुम्हाला आठवतंय तुम्ही काय म्हणालात? तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "आजी, पाटीशिवाय उद्घाटन नाही. उद्घाटनाशिवाय इमारत आमच्या ताब्यात नाही. ताब्यात नाही तर पाण्याची जोडणी नाही."

मी विचारलं, "हे नियमात लिहिलंय का?"

तुम्ही म्हणालात, "पद्धत आहे."

घ्या! पाटीच्या पद्धतीला मूल झालं, ताब्याची पद्धत. तेव्हापासून आमच्या बाजारात एक नवाकोरा संडास आहे आणि त्याला हे एवढं कुलूप आहे. दोन उन्हाळे गेले. बरं, आत काय ठेवलंय माहीत आहे का? मासेवालीने झरोक्यातून डोकावून पाहिलं. बाकडी! रंग वाळायला ठेवली आहेत, थराला थर लावून. म्हणजे ज्या जागी बसायला आम्ही तरसतोय, तिथे बाकडी बसली आहेत.

भाऊ, हात वर करू नका. मला दिसतंय. "आजी, आज निरोपाचा दिवस आहे, हा विषय नको." मग कुठल्या दिवशी हवा? उद्यापासून तुम्ही नगरसेवक नाही. उद्या मी तुमच्या दारात आले तर तुम्हीच म्हणाल, आजी, आता माझ्या हातात काय आहे. आणि खरंच म्हणाल. म्हणून आजच.

हसण्यावारी नेऊ नका म्हणून आता एक सरळ सांगते. माझी सून पहाटे घरातून निघते ती पाण्याचा घोट न घेता. दिवसभर पीत नाही. प्यायली तर जावं लागेल ना. मी तिला ओरडायचे, "पी गं बाई, सुकून जाशील." ती म्हणायची, "आत्या, पिते संध्याकाळी." गेल्या उन्हाळ्यात भर बाजारात, एका हातात तागडी, आणि ती सरळ बटाट्यांवर आडवी झाली. गिऱ्हाईक मला म्हणतं, "आजी, आधी माझं तेवढं वजन करून द्या ना." दिलं मी. त्याला दिलं आणि मग त्याच्या आईबापाचा उद्धार केला.

डॉक्टरीण बाईंनी तपासलं. म्हणाल्या, लघवीचा दाह आहे, मूत्रपिंडापर्यंत गेलाय, परत झालं तर निस्तरता येणार नाही. औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, "भरपूर पाणी पीत जा." सून हसली. डॉक्टरीण बाईंना वाटलं, बाई अडाणी आहे, म्हणून हसते. त्या चिडल्या. मी त्यांना म्हटलं, "बाई, तुम्ही सांगताय ते बरोबर आहे. पण तुमच्या औषधाला पालिकेचं कुलूप आहे."

आता पुन्हा उन्हाळा तोंडावर आहे. सून परत बाजारात बसतेय, परत पाणी पीत नाहीये. ती बघा, तिसऱ्या रांगेत, मला डोळे वटारतेय. वटार. घरी गेल्यावर भांड माझ्याशी. इथे मी बोलणार.

भाऊंच्या सूनबाईंबद्दल दोन शब्द. आत्ताच्या निवडणुकीत त्या प्रचाराला आमच्या बाजारात आल्या होत्या. सोबत भाऊ, यजमान, ढोल, हार, सगळी वरात. सकाळी आल्या, दुपार झाली तरी वरात हलेना. मध्येच त्या माझ्या गाळ्यापाशी वाकल्या, बटाटे चाचपल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाल्या, "आजी, इथे कुठे जायची सोय आहे का हो?" मी त्यांना ते कुलूप दाखवलं. बिचारीचा चेहरा असा झाला की मला माझी सून आठवली. मग हाताला धरून शेठजींच्या वरच्या मजल्यावर नेलं. जिन्यात मी विचारलं, "निवडून आलीस तर उघडशील का गं?" ती काही बोलायच्या आत खालून यजमान ओरडले, "चला, उशीर होतोय!"

निवडून आल्यावर मी त्यांच्या घरी गेले. विचारलं. सूनबाईंनी तोंड उघडलं, तर उत्तर भाऊंनी दिलं, "बघू या आजी." दुसऱ्यांदा गेले. सूनबाई "मी" एवढं म्हणाल्या आणि यजमान म्हणाले, "प्रक्रिया चालू आहे." म्हणजे मतं आम्ही एका बाईला दिली आणि बोलायला मात्र दोन बापे निवडून आले! भाऊ, राग मानू नका. तुम्ही खूप वर्षं बोललात, चांगलं बोललात, रस्त्यात खुर्ची टाकून बोललात. आता घसा दुखत असेल. निरोप समारंभ कशासाठी असतो? ज्याचा निरोप त्याने जरा थांबावं म्हणूनच ना?

बोलणं लांबलं. अध्यक्ष शेठजी दोनदा घड्याळाकडे बघून झाले. मला इथे उभं केलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल संयोजकांचे, शेठजींचे आणि त्यांच्या वहिनींच्या जिन्याचे आभार मानते. भाऊ, तुम्हाला पुढचं आयुष्य सुखाचं जावो, तब्येत सांभाळा, गोड कमी खा. माझ्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर म्हातारीचं तोंड म्हणून सोडून द्या. पण बोलले ते सोडू नका.

आणि मी खाली बसण्याआधी एक उत्तर हवंय. कुलूप कोणत्या दिवशी उघडणार? साहेब, तुम्ही वही काढू नका, तुम्हाला नंतर विचारू. शेठजी, तुम्ही पाटीचं बोलू नका. यजमान, तुम्ही खुर्ची मागे घ्या, अजून मागे, भिंतीला टेकेपर्यंत. भाऊ, तुम्ही तर आज पाहुणे आहात.

सूनबाई, उठा. इकडे या, माईक तुमच्या उंचीचाच आहे. सासऱ्यांकडे बघायचं नाही, नवऱ्याकडे बघायचं नाही. तिसऱ्या रांगेत माझी सून बसली आहे, तिच्याकडे बघून वार सांगा. उत्तर तुम्हीच द्यायचं, दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही.